आपल्याच माणसांना सुनावणारा संपादक

दर वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं. धाराशिवपासून नांदेडपर्यंत प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी मंत्री येतात, हुतात्म्यांच्या स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं जातं, पोलिसांचं पथक मानवंदना देतं आणि शाळेतली मुलं पाठ केलेली भाषणं करतात. या भाषणांत स्वामी रामानंद तीर्थ असतात, गोविंदभाई श्रॉफ असतात. आमच्या धाराशिव जिल्ह्यात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचा उल्लेख होतो. उमरग्याकडे गेलात तर गुंजोटीच्या वेदप्रकाशचं नाव आजही आदरानं घेतलं जातं. १९३८ साली त्याचा बळी गेला. ही सगळी नावं घेतली जावीत अशीच आहेत.

पण एक नाव या भाषणांत सहसा ऐकू येत नाही. ते आहे शोएबुल्ला खान यांचं. हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे हे संपादक. २२ ऑगस्ट १९४८ रोजी, म्हणजे हैदराबाद मुक्त होण्याच्या सव्वीस दिवस आधी, रझाकारांच्या हल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं सत्तावीस. हैदराबादेत आणि तेलंगणात त्यांची आठवण निघते. आपल्याकडे ते अनोळखीच राहिले. मराठी माणसानं एका उर्दू संपादकाची आठवण का ठेवावी, असं कोणी विचारील. त्याचं उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे.

निजामाचं राज्य कसं होतं, हे आजच्या पिढीला थोडं समजावून सांगावं लागतं. सुमारे एक कोटी साठ लाखांची वस्ती, सोळा जिल्हे, आणि प्रजेच्या मुख्य भाषा तेलुगू, मराठी आणि कन्नड. कारभार मात्र उर्दूत. कोर्टकचेरी उर्दूत, महसूल उर्दूत, आणि १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. आमच्या जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मिळालं तेही शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरूनच. २०२३ साली ते अधिकृतपणे धाराशिव झालं.

या राज्यात जाहीर सभा घ्यायची तर परवानगी लागे. ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ हे शब्द जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी अखेरपर्यंत होते. हे त्या सभाबंदीच्या सरकारी परिपत्रकाचं नाव. वर्तमानपत्राचं तर विचारूच नका. हैदराबादहून १९२० साली निघालेल्या मराठी साप्ताहिकाचं नाव होतं ‘निजाम विजय’. मराठी भाषेची आणि मराठी माणसाची सेवा करायची, पण नाव धारण करायचं राजाच्या विजयाचं. त्या काळच्या संपादकाची कुचंबणा त्या नावातच दिसते. आ. कृ. वाघमारे यांनी दुसरी वाट काढली. त्यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं ते पुण्याहून, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेरून. निजाम सरकारनं त्याच्यावर बंदी घातली की ते दुसरं नाव घेऊन येई. त्या नावावर बंदी आली की तिसरं नाव. अंक एकच, संपादक तोच, फक्त वरची पाटी बदललेली. बार्शी आणि सोलापूर इंग्रजी मुलखात होतं, आणि आमच्या जिल्ह्याची हद्द त्याला लागून. हद्द ओलांडली की कायदा बदले, आणि पेपर वाचायचा की लपवायचा तेही बदले.

वाघमारे यांच्या धडाडीला तोड नाही. पण त्यांच्या आणि शोएबुल्ला खान यांच्या स्थितीत एक फरक होता. वाघमारे पुण्यात बसून हैदराबादच्या राजवटीवर लिहीत होते आणि त्यांचा वाचक त्यांच्या बाजूचा होता. शोएबुल्ला हैदराबाद शहरातच राहत होते, उर्दूत लिहीत होते आणि ज्यांच्याबद्दल लिहीत होते तेच सकाळी त्यांचा अंक वाचत होते.

शोएबुल्ला यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९२० चा, तेलंगणातल्या महबूबाबाद भागातला. वडील रेल्वे पोलिसांत. मुलगा उस्मानिया विद्यापीठाचा पदवीधर झाला. त्या काळात उस्मानियाची पदवी आणि बाप सरकारी चाकरीत असं असलं की निजामाच्या एखाद्या खात्यात बरीशी नोकरी मिळणं अवघड नव्हतं. पुढं पेन्शन होती, समाजात मान होता. या तरुणानं ते सोडून वर्तमानपत्राची वाट धरली. आधी एका उर्दू साप्ताहिकात काम केलं. सरकारनं ते बंद केलं. मग मंदुमुला नरसिंगराव यांच्या ‘रय्यत’मध्ये गेले. ‘रय्यत’ही सरकारी रोषाला बळी पडलं. तेव्हा नोव्हेंबर १९४७ मध्ये, बुर्गुल रामकृष्णराव यांच्या पाठबळावर, त्यांनी स्वतःचं ‘इमरोज’ सुरू केलं. हेच रामकृष्णराव पुढे १९५२ मध्ये हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. ‘इमरोज’ म्हणजे ‘आज’. भांडवलासाठी घरातल्या बायकांचे दागिने विकले, असं सांगितलं जातं.

माझं आयुष्य बँकेत कर्जाची प्रकरणं तपासण्यात गेलं. त्या नजरेनं पाहिलं तर ‘इमरोज’चा प्रस्ताव पहिल्याच टेबलावर नामंजूर झाला असता. अर्जदारानं काम केलेली आधीची दोन्ही पत्रं सरकारनं बंद पाडलेली. तारण नाही. गिऱ्हाईक म्हणाल, तर ज्या भाषेत पत्र काढायचं त्या भाषेच्या वाचकांतला मोठा वर्ग मजकुरावर चिडणार, हे आधीच माहीत. आणि जोखीम अशी की तिचा विमा कोणी उतरवणार नाही. अशा धंद्यात सत्तावीस वर्षांचा माणूस घरातलं सोनं घालतो, तेव्हा त्याला काहीतरी सांगायचंच आहे, आणि ते आजच सांगायचं आहे, एवढं नक्की समजावं.

ते सांगणं काय होतं? हैदराबादनं भारतात सामील व्हावं, जनतेला जबाबदार असं सरकार द्यावं, आणि रझाकारांचा उच्छाद थांबवावा. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजामाचा भारत सरकारशी ‘जैसे थे’ करार झाला होता. पण त्या कराराआड रझाकारांचं बळ वाढत होतं. गावोगाव खंडणी, जाळपोळ, लुटालूट चालली होती. आमच्या जिल्ह्यातून कुटुंबंच्या कुटुंबं बैलगाड्यांत संसार घालून बार्शी-सोलापूरकडे निघाली होती. जानेवारी १९४८ मध्ये ‘इमरोज’नं लिहिलं की या राज्यात दिवसा एकाचं सरकार असतं आणि रात्री दुसऱ्याचं. इत्तेहादचे पुढारी मुसलमानांच्या नावानं जे करताहेत त्यानं शेवटी मुसलमानांचंच वाटोळं होईल, हा त्यांच्या लेखनाचा गाभा होता. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेतल्या सात प्रतिष्ठित मुसलमानांनी भारतात विलीन होण्याची मागणी करणारं निवेदन काढलं. ते ‘इमरोज’नं छापलं.

या सगळ्याचा आमच्या जिल्ह्याशी संबंध आहे, आणि तो अभिमानाचा नाही. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. मूळचा उत्तर हिंदुस्थानातला, पण त्याची वकिली आणि त्याचं राजकारण लातुरात वाढलं. आणि लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर वेगळा जिल्हा झाला तो १९८२ साली. म्हणजे ज्या माणसानं हैदराबाद पेटवलं तो आमच्या जिल्ह्याच्या कोर्टात काळा कोट घालून उभा राहत होता. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात त्यानं हैदराबादेतल्या जाहीर सभेत धमकी दिली की आमच्याविरुद्ध लिहिणारे हात शिल्लक ठेवणार नाही. दोन-तीन दिवसांतच, २१ ऑगस्टच्या रात्री, शोएबुल्ला काम आटोपून काचीगुड्याजवळून घरी निघाले असताना त्यांच्यावर हल्ला झाला. गोळ्या झाडल्या आणि हात तोडला. बरोबर असलेले मेहुणे इस्माईल खान मदतीला धावले, तर त्यांच्यावरही वार झाले. पहाटेपर्यंत शोएबुल्ला यांचा प्राण गेला. हात तोडण्यात मारेकऱ्यांनी निरोप ठेवला होता, आणि तो उर्दूत लिहिणाऱ्या प्रत्येकासाठी होता.

शंभर वर्षांपूर्वी युरोपात असाच एक राजकीय पत्रकार होऊन गेला. लायोश कोशूत त्याचं नाव. हंगेरी तेव्हा व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग बादशहांच्या अमलाखाली होती. १८३२ ते १८३६ या काळात हंगेरीची विधानसभा प्रेसबर्गला, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हाला, भरत होती. तिथल्या चर्चा छापायच्या तर सेन्सॉर आडवा येई. तरुण कोशूतनं युक्ती काढली. छापायचंच नाही. सभेचा वृत्तांत हातानं लिहायचा, कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून त्याच्या नकला करून घ्यायच्या आणि पत्रं म्हणून गावोगाव पाठवायच्या. छापील मजकुराला सेन्सॉर होता, खाजगी पत्राला नव्हता. वेगवेगळ्या नावांनी निघणाऱ्या आपल्या ‘मराठवाडा’शी त्याचं नातं सांगता येईल. १८३७ मध्ये त्याला अटक झाली. १८४० मध्ये सुटला. १८४१ मध्ये ‘पेश्टी हिर्लप’ या वर्तमानपत्राचा संपादक झाला आणि बघता बघता त्याचे वर्गणीदार काही हजारांवर गेले. १८४८ च्या क्रांतीत तो हंगेरीचा पुढारी होता.

इथपर्यंतची कथा आपल्या टिळकांच्या चरित्राशेजारी ठेवावी अशी. पण पुढची गोष्टही सांगायला हवी. हंगेरियन लोकांच्या हाती सत्ता आली तेव्हा त्याच मुलखात राहणारे सर्ब, स्लोव्हाक, रुमानियन लोक म्हणू लागले की आम्हालाही आमची भाषा आहे, आमचं वेगळेपण मान्य करा. व्हिएन्नापुढे हंगेरियन भाषेसाठी आणि हक्कांसाठी झगडलेल्या कोशूतला त्यांची ही मागणी मानवली नाही. बादशहावर चालणारी धारदार लेखणी स्वतःच्या लोकांच्या अहंकारापुढे बोथट झाली. कोशूत मोठा होता यात शंका नाही. पण परक्या सत्तेशी भांडताना आपली माणसं पाठीशी असतात. आपल्याच माणसांना तुमचं चुकतंय असं सांगायला उभं राहिलं की पाठ मोकळी पडते. मोठमोठ्यांना ते जमत नाही. हैदराबादच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला ते जमलं होतं.

आता कोणी म्हणेल, हे सगळं मुसलमान संपादकाबद्दल ठीक आहे, आत्मपरीक्षणाचा आग्रह तुम्ही त्यांच्याकडेच का धरता? हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आमच्या जिल्ह्याच्याच इतिहासात आहे, आणि ते ऐकायला सोपं नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरल्या. पहिली महत्त्वाची चकमक झाली ती आमच्या नळदुर्गला. पाच दिवसांत निजाम शरण आला. शोएबुल्ला यांनी जे मागितलं होतं ते घडलं. पण पोलीस कारवाईच्या आणि तिच्यानंतरच्या दिवसांत सूडाची लाट उसळली, आणि तिच्यात रझाकारांशी काहीही संबंध नसलेली असंख्य साधी मुसलमान कुटुंबं सापडली. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिच्यात काझी अब्दुल गफ्फार होते. तेही पत्रकार, हैदराबादच्या ‘पयाम’ या उर्दू दैनिकाचे संस्थापक संपादक. समितीनं सोळापैकी नऊ जिल्हे पाहिले. मृतांचा आकडा तिनं सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान धरला. सर्वांत जास्त झळ पोचलेले जिल्हे तिनं चार सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. रझाकारांनी आधी केलेले अत्याचारही समितीनं लपवले नाहीत, आणि जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद तिनं केली. सरकारला तो अहवाल मानवला नाही. दीर्घकाळ तो सामान्य वाचकापर्यंत पोचलाच नाही. २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो पाहायला मिळू लागला.

आकड्यांबद्दल वाद होऊ शकतो. पण उस्मानाबादचं नाव त्या यादीत आहे, हे आपण वाचायला हवं. रझाकारांच्या राज्यात खरं बोलण्याची पाळी उर्दू संपादकाची होती. सप्टेंबरनंतर ती पाळी मराठीत लिहिणाऱ्यांची होती. मराठवाड्यावर लिहिलेल्या कादंबऱ्या, आठवणी, स्मरणिका चाळल्या तर रझाकारांचा काळ पानोपानी भेटतो. त्यानंतरचे चार महिने मात्र फार थोड्या ओळींत उरकलेले असतात. जे लिहिलं जात नाही ते विसरलं जात नाही. ते एका मोहल्ल्यात कुजबुजत राहतं आणि शेजारच्या गल्लीला त्याचा पत्ता नसतो. एकाच गावात दोन इतिहास नांदू लागतात.

म्हणून शोएबुल्ला खान यांची आठवण मला ‘चांगला मुसलमान’ म्हणून काढायची नाही. तसं केलं तर आपण त्यांच्या मरणाचा उपयोग करून दुसऱ्या कोणाला तरी कमी लेखू. ती काढायची आहे चांगला संपादक म्हणून. आपल्या भाषेच्या, आपल्या धर्माच्या, आपल्या गावच्या माणसांना, ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नसताना, सत्य सांगणं ही त्यांच्या धंद्यातली सर्वांत अवघड गोष्ट आणि तीच त्यांनी केली.

आज साम्राज्य नाही, निजाम नाही, सेन्सॉरचा शिक्काही नाही. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राच्या विधिमंडळानं २०१७ मध्ये कायदाही मंजूर केला. पण तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या बातमीदाराला विचारून पाहा. विरोधी गटाच्या पुढाऱ्याचं प्रकरण बाहेर काढलं तर चौकात चहा मिळतो. आपल्याच जातीच्या संस्थेतला, आपल्याच गावच्या सोसायटीतला, आपल्याच नात्यातल्या सरपंचाचा घोटाळा छापला तर लग्नाची पत्रिका येणं बंद होतं. मुलांच्या शाळेत कुजबुज होते. मोबाईलवरच्या गावच्या ग्रुपमधून त्याचं नाव काढून टाकलं जातं आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिराती दुसऱ्या पेपरकडे वळतात. या शिक्षेवर कुठला कायदा नाही. आणि ही शिक्षा देणारे कोणी गुंड नसतात, तुम्ही-आम्ही वाचकच असतो.

त्यामुळे अशा लेखणीची जबाबदारी एकट्या पत्रकारावर टाकता येत नाही. आपल्या मनाविरुद्धची बातमी सहन करण्याची वाचकाची तयारी हे वर्तमानपत्राचं खरं भांडवल. ते बँक देऊ शकत नाही आणि जाहिरातदारही देऊ शकत नाही. ‘इमरोज’ला ते हैदराबादेत पुरेसं मिळालं नाही. आपण आपल्या पेपरला ते देतो का, हे ज्यानं त्यानं घरी बसून ठरवावं.

एक छोटी व्यवहारी सूचनाही करतो. आमच्याकडे निजामकाळातली जमिनीची जुनी कागदपत्रं उर्दूत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मराठवाड्यात उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम किंमत आली. जुने दस्त बाहेर निघाले, दुभाषे शोधले गेले. दाखल्यासाठी आपण उर्दू वाचून घेऊ शकतो, तर इतिहासासाठीही घेऊ शकू. ही भाषा काही एका धर्माची नव्हती. आमच्या आजोबांच्या पिढीतले देशमुख, पाटील आणि वकील याच भाषेत अर्ज लिहीत आणि दावे लढवत. ‘इमरोज’मधले निवडक अग्रलेख मराठीत आणायला हवेत. मराठवाड्यातल्या दोन्ही विद्यापीठांना आणि आमच्या साहित्य परिषदेला हे काम जड नाही. शाळांनी २२ ऑगस्टला परिपाठात पाच मिनिटं या संपादकाची माहिती सांगावी. त्याला परिपत्रकाची वाट पाहायचं कारण नाही.

मुलं प्रश्न विचारतील. त्यांना कोणी मारलं, असं विचारतील आणि त्याचं उत्तर आपण तत्काळ देऊ. मग एखादी चुणचुणीत मुलगी विचारील, नंतर काय झालं? त्या वेळी नळदुर्गच्या विजयाबरोबर पुढच्या चार महिन्यांबद्दलही तिला खरं सांगणारा शिक्षक तिथे हवा, आणि त्यानं ते सांगितलं म्हणून त्याच्यावर न रागावणारे पालक तिच्या घरी हवेत.